लेकीला ही लस द्यावी का?

घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असली की आईला काळज्या काय कमी असतात? त्यात हल्ली एकीची भर पडली आहे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. पालकसभा संपली की एखादी आई बाजूला घेऊन विचारते, "बाई, ती कॅन्सरची लस द्यावी का हो मुलीला?" विचारते तेही हळूच, कारण दुखणं पडलं अवघड जागेचं!

गर्भाशयाच्या तोंडाचा हा कर्करोग. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो झाला आणि जवळजवळ ८० हजार दगावल्या. त्याचं मूळ एचपीव्ही नावाच्या विषाणूत. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातोही. काहींच्या मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी, ऐन संसारात, डोकं वर काढतो.

"मग लग्न ठरल्यावर बघू की! एवढ्याशा पोरीला कशाला?" असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात. पण मैत्रिणींनो, एकदा शिरलेला विषाणू ही लस बाहेर काढत नाही. तो येण्याआधीच ती टोचायची असते, म्हणून ९ ते १४ हे वय सांगतात. लस दिली म्हणून मुलगी बिघडते, हे तर मला मुळीच पटत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कोणी गंजक्या खिळ्यावर पाय देत नाही.

लस तशी नवी नाही. परदेशात ती २००६ पासून आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' २०२३ मध्ये बाजारात आली, म्हणून आपल्याला ती नवी वाटते. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास २०२० सालचा.

आता भीतीची बाजू. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना ही लस दिली होती. पुढे त्यांतल्या सात मुली गेल्या आणि २०१० मध्ये ते काम थांबवलं. चौकशीत कोणी बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी मलेरियाने गेल्याचं निघालं. लसीशी संबंध दिसला नाही. पण दुसरी एक गोष्ट उघड झाली. कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या! हा राग मात्र अगदी रास्त. म्हणूनच शाळेतून कागद आला तर वाचल्याशिवाय सही करू नका, आणि विचारायला लाजू नका.

त्याच वेळी देशात आणखी एक अभ्यास चालू होता. त्यात आपली बार्शी होती, पुणंही होतं. त्यातलंही लसीकरण थांबलं आणि जवळपास पाच हजार मुलींचा एकच डोस झाला. डॉक्टरांनी मात्र त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की मुख्य दोन प्रकारच्या विषाणूंपासून एका डोसानेही जास्त डोसांइतकंच संरक्षण मिळालं होतं. म्हणूनच आता जागतिक आरोग्य संघटनाही या वयात एक डोस चालेल म्हणते. तुमच्या मुलीला किती, ते डॉक्टरांना विचारा.

थांबून बघू म्हणण्यालाही किंमत असते, बरं का. जपानात २०१३ मध्ये मुलींच्या अंगदुखीच्या तक्रारी आल्या आणि सरकारने लसीची शिफारस थांबवली. सत्तर टक्क्यांवरचं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली आलं. तक्रारींचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही. शिफारस पुन्हा सुरू झाली ती २०२२ मध्ये. तोवर कित्येक मुलींचं वय निघून गेलं.

माझं म्हणाल तर माझ्या मुलीला मी देणार. तरी लस सगळ्या प्रकारच्या विषाणूंना अडवत नाही, तेव्हा तिशीनंतरची तपासणी सुटत नाही. आपली, आयांची तर नाहीच नाही! तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आले होते.

पूर्वी कुठल्या लसीने मोठी अ‍ॅलर्जी झाली असेल, ताप असेल, तर ते आधी सांगा. नेहमीचा त्रास म्हणजे दंड दुखणं, थोडी सूज, कणकण. या वयाच्या मुलींना सुई पाहूनच भोवळ येते, म्हणून उपाशीपोटी नेऊ नका, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवा. बाजारात ही लस स्वस्त नाही, तेव्हा आधी जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळते का, ते विचारा. कार्डावर तारीख घालून घ्या आणि ते जन्मदाखल्याच्या फाइलीत ठेवा, नाहीतर दहावीच्या फॉर्मांच्या गडबडीत हमखास हरवतं.