नवीन घेण्याआधी जुनं उघडून बघू



शिर्डीजवळच्या आमच्या एका गटाची बैठक चालू होती. बचत जमा झाली, हप्ते आले, वहीत नोंदी झाल्या आणि अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "मला नवी शेगडी घ्यायचीय. जुनीवर भांडी काळी होतात, चहाला वेळ लागतो, सिलिंडरही लवकर संपतो." कर्ज द्यायला कुणाचीच हरकत नव्हती. पण कर्ज कशासाठी ते नीट विचारायचं, असा आमचा नियम आहे. अध्यक्षताईंनी विचारलं, "शेगडीचं नेमकं बिघडलंय काय?" त्या म्हणाल्या, "काय की बाई. जुनी झाली, एवढंच."

पुढच्या बैठकीला त्या पिशवीत दोन्ही बर्नर घेऊन आल्या. उजेडाकडे धरून बघितले, तर निम्मी भोकं उतू गेलेल्या दुधानं आणि डाळीनं बुजलेली. घरी जाऊन शेगडी उलटी केली, तर खालच्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. साफसफाई झाली आणि ज्योत निळी झाली. ताईंनी कर्जाची मागणी स्वतःच मागे घेतली. दोन महिन्यांनी त्यांनी कर्ज घेतलं, पण शेळीसाठी.

म्हणून आज आपण स्वयंपाकघरातल्या अशाच बिघाडांबद्दल बोलू. काय आपल्या हातानं होतं, आणि कुठे हात लावायचा नाही, दोन्ही सांगते.

आधी शेगडी. ज्योत पिवळी आणि भांड्याचं बूड काळं, याचा अर्थ गॅसला हवा कमी पडतेय. शेगडीखाली बर्नरकडे जाणारी जाड नळी असते, तिला हवा आत घ्यायला जागा ठेवलेली असते. तिथे कचरा, जाळं किंवा झुरळ अडकलं की गॅस पुरता जळत नाही. पैसा काजळी होऊन भांड्याला चिकटतो.

काम सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी थंड होऊ द्या. बर्नर उचलून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पितळी असेल तर त्यात थोडा खायचा सोडा चालेल. ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा नको, तो काळा पडतो. जुन्या दातांच्या ब्रशनं घासा आणि भोकं पिनेनं मोकळी करा, पण ती मोठी करू नका. बर्नर उन्हात पूर्ण वाळवा, मगच बसवा. ओला किंवा तिरका बसला तर ज्योत फडफडते. एवढं करूनही पिवळी राहिली, तर आतला पितळी जेट तपासावा लागतो. ते काम मेकॅनिकचं. तिथे सुई घालायची नाही, कारण भोक वाढलं तर गॅस जास्त येतो.

आता नळी. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. आपल्यातल्या कितीतरी जणींकडे त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा गॅस आला. गॅसची रबरी नळी साधारण पाच वर्षांनी बदलायची असते, आणि भेग दिसली किंवा उंदरानं कुरतडली तर लगेच. आज घरी गेल्यावर नळीवर छापलेली तारीख बघा. नवी घेताना आयएसआय खूण बघून घ्या. नळीवर कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळू नका, नाहीतर भेग झाकली जाते. गळतीची शंका आली तर जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच बघायचं नाही.

घरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, त्या ठिणगीनंही पेट घेतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खालून वारा जाईल असं दार आधी उघडा. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि १९०६ या मदत क्रमांकावर फोन करा. रेग्युलेटर आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुणीही घरी उघडायचा नाही. मेकॅनिक ओळखीचा असला तरी ते काम एजन्सीच्याच माणसाचं.

आता कुकर. इथे मला माझीच चूक सांगायची आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी डाळ लावली आणि कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडाला. घरात पाहुणे होते. घाईत मी ते भोक पाइपाला लावतात त्या सीलनं बुजवलं आणि कुकर पुन्हा शेगडीवर ठेवायला निघाले. सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "अगं, तो उडाला म्हणून तू वाचलीस." तेव्हा राग आला होता. आज कळतं, त्या दिवशी मोठा अपघात टळला.

कुकरमध्ये वाफ कोंडली की पाणी १०० ऐवजी जवळपास १२० अंशांवर उकळतं, म्हणून अन्न लवकर शिजतं. वाफेची ताकद मोठी. आपल्या शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ पासून ७३ सौर तबकड्या आहेत, त्यांच्या वाफेवर भक्तांसाठी स्वयंपाक होतो. हीच वाफ घरच्या कुकरमध्ये अडकली, तर तिला बाहेर पडायला शिट्टीची नळी असते. ती बुजली तर शेवटचा मार्ग सेफ्टी व्हॉल्व्हचा. तोही आपणच बंद केला तर कुकर फुटतो.

म्हणून कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार बघा. कुकर दोन-तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका. डाळ, तांदूळ फुगतात, ते अर्ध्यापर्यंतच. बाजूनं वाफ जात असेल, शिट्टी होत नसेल, तर बहुतेक वेळा रबर कडक झालेलं असतं. रबर, शिट्टी, व्हॉल्व्ह हे भाग त्याच कंपनीचे, त्याच मापाचे घ्या. व्हॉल्व्ह उडाला तर बदलण्याआधी विचारा, का उडाला? पाणी कमी पडलं होतं की नळी बुजली होती? वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नका.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपल्या राहाता तालुक्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि नळावर, बेसिनवर पांढरा थर बसतो. तो थर क्षारांचा असतो आणि आंबट पदार्थानं विरघळतो. लिंबाची साल घासा, किंवा कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात कापड भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा. बारीक बुडबुडे दिसतील, म्हणजे क्षार सुटतोय. मग ब्रशनं घासून स्वच्छ पाण्यानं धुवा. धार बारीक झाली असेल तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि त्याच पाण्यात बुडवा. संडासचं ॲसिड स्टीलला लावू नका, डाग कायमचे पडतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

नळ ठिबकत असेल तर रात्री खाली भांडं ठेवा आणि सकाळी पाणी मोजा. आकडा बघून घरातली माणसंही कामाला लागतात. साध्या पिळाच्या नळात बहुधा आतली रबरी वायसर झिजलेली असते. टाकीचा कॉक बंद करा, पान्यानं नळाचा वरचा भाग उघडा, जुनी वायसर काढून दुकानात न्या आणि त्याच मापाची आणा. आट्यातून पाणी येत असेल तर जुनी टेप काढून, आटे ज्या दिशेनं आवळतात त्याच दिशेनं नवी टेफ्लॉन टेप गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते.

शेवटी मिक्सर. चालता चालता बंद पडला की लगेच जळाला असं म्हणू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाशी लाल बटण असतं. ओझं जास्त झालं की मोटर वाचवायला ते वीज तोडतं. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, भांड्यातलं निम्मं काढा, ते बटण दाबा आणि मग चालू करा. मोटर फिरते पण पाती फिरत नाही, तर भांड्याखालचं किंवा मोटरवरचं कपलर झिजलेलं असतं. ते बदलता येतं, पण बऱ्याच मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. म्हणून जोर लावण्याआधी दुकानात विचारा. जळका वास, ठिणग्या किंवा शॉक असेल तर प्लग काढून मेकॅनिककडे. मोटरचा भाग नळाखाली धुवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा, तोही प्लग काढून.

आमच्या गटानं आता एक डबा केला आहे. त्यात पाना, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, चार मापांच्या वायसर, पिना आणि जुने ब्रश आहेत. डबा बैठकीच्या घरी असतो. ज्या ताईंना लागेल त्या वहीत नाव लिहून नेतात. तुमच्या गटातही करून बघा. आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगावी, आपल्या गॅसच्या नळीवर कोणतं साल छापलंय.

मेकॅनिक लागेल तिथे जरूर बोलवा. पण तो आला की बिघाड काय आहे हे आपण त्याला सांगायचं. म्हणजे "नवीनच घ्या ताई" म्हणण्याआधी तोही दोनदा विचार करेल.

पुन्हा भेटू. नमस्कार.