दिवेलागणीचं बटण

जिन्याखाली एक स्विच, जिन्यावर दुसरा, आणि दिवा एकच. खालून लावायचा, वर जाऊन मालवायचा. ही सोय आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्याकडे आता कुणाचं लक्षही जात नाही. लहानपणी मात्र हा प्रश्न बहुतेकांना पडलेला असतो, की खाली काय झालं ते वरच्या बटणाला कळतं कसं? खरं उत्तर असं, की बटणाला काहीच कळत नाही. सगळं शहाणपण तारांत असतं. दोन स्विचच्या मध्ये वायरमनने दोन तारा ओढलेल्या असतात, आणि वीज कुठल्या वाटेने जाईल ते दोन्ही बटणं मिळून ठरवतात. कुठल्या बटणाने कुठला दिवा लागणार हे त्या तारा ओढल्या त्या दिवशीच ठरून गेलं. बदलायचं असेल तर भिंत फोडा.

हल्ली ज्याला होम ऑटोमेशन म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. बटण आणि दिवा यांचं नातं तारेतून काढलं आणि एखाद्या यंत्राच्या स्मरणात नेऊन ठेवलं. बाकी जाहिरातीत जे दिसतं ते वरचं सजावटीचं काम. पण ‘स्मरणात ठेवलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच : कुणाच्या स्मरणात? हा प्रश्न नुसता यंत्रांपुरता नाही, हे मला २०१९ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीत कळलं.

तिथे माझा भाचा राहतो, आणि माझी ताई त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलेली होती. ताईचं वय बहात्तर. भाच्याने हौसेने घरातले सगळे स्विच बदलले होते. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, ताईच्या खोलीबाहेर आठ-आठ बटणांचे की-पॅड बसवलेले होते, प्रत्येकावर बारीक इंग्रजी अक्षरं. मी पोचलो त्याच संध्याकाळी ताई मला म्हणाली, “तुझ्या भाच्याने भिंतींना कॅल्क्युलेटर ठोकलेत. मी बाई त्यांना हात लावत नाही.” आणि खरंच लावत नव्हती. रात्री उठली की भिंतीला हात धरून अंधारात चाचपडत बाथरूमपर्यंत जायची. घरात तीस-पस्तीस शहाणे दिवे, आणि ज्या माणसाला उजेडाची सगळ्यात जास्त गरज ते अंधारात.

आता ही यंत्रणा काय असते ते थोडक्यात सांगतो. घरात वीज वाहून नेणाऱ्या तारा असतातच, मग त्यांच्यावरूनच निरोप का पाठवू नये, ही कल्पना स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली प्रत्यक्षात आणली. तिचं नाव ‘एक्स-टेन’. विजेची लाट शून्यातून जाते त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक बारीकसा ठोका तारेवर सोडायचा. ठोका आहे की नाही यावरून एक आणि शून्य. १९७८ पासून ही साधनं अमेरिकेच्या दुकानांत मिळू लागली. सोळा अक्षरं आणि सोळा आकडे, म्हणजे घरभर मिळून २५६ पत्ते. गैरसोयी भरपूर. एकेक हुकूम पोचायला सेकंदाच्या आसपास वेळ लागे, तो पोचला की नाही याची पोच नसे, आणि शेजाऱ्याने तेच अक्षर निवडलेलं असलं तर त्याच्या बटणाने तुमचा दिवा लागण्याचे प्रकारही घडत.

२००५ साली कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने ‘इन्स्टिऑन’ नावाची यंत्रणा आणली. भाच्याकडे तीच होती. हिच्यात निरोप तारेवरून जातो, आणि बहुतेक नव्या साधनांत रेडिओलहरींवरूनही जातो. प्रत्येक स्विचला कारखान्यातूनच स्वतंत्र पत्ता मिळतो. असे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते होऊ शकतात, त्यामुळे शेजाऱ्याची भीती संपली. शिवाय ऐकलेला निरोप प्रत्येक साधन पुन्हा उच्चारतं, त्यामुळे लांबच्या खोलीतल्या दिव्यालाही तो ऐकू जातो.

आता ‘सीन’. हा शब्द आपल्याला नाटकामुळे ओळखीचा आहे, आणि अर्थही जवळपास तोच. नाटकाच्या तालमीत ठरलेलं असतं की या प्रवेशाला मागचा दिवा अर्धा, डावीकडचा पूर्ण, समोरचे बंद. प्रयोगाच्या वेळी प्रकाशयोजनाकार प्रत्येक दिव्याला वेगवेगळं सांगत बसत नाही. घरातला सीन तसाच. ‘जेवण’ म्हटलं की टेबलावरचा दिवा ऐंशी टक्के, ओट्यावरचा तीस टक्के, टीव्हीजवळचा बंद. की-पॅडचं बटण दाबल्यावर तारेवर एवढाच पुकारा होतो, ‘गट क्रमांक तीन, चालू’. त्या गटात आपण किती उजळायचं आणि किती सावकाश उजळायचं, हे प्रत्येक दिव्याच्या स्विचने स्वतःजवळ लिहून ठेवलेलं असतं. म्हणून सगळे दिवे एकदम हलतात. मधे संगणक नाही, इंटरनेट नाही. नात्याची अर्धी नोंद बटणापाशी, अर्धी दिव्यापाशी. पूर्वी जमिनीच्या व्यवहाराचे कागद दोघांकडे असत, तसं.

यातली एक खोच माणसांना फार छळते. की-पॅडच्या प्रत्येक बटणामागे एक बारीक दिवा असतो, चालू की बंद ते दाखवणारा. समजा तुम्ही की-पॅडवरून ओटीवरचा दिवा लावला आणि नंतर कुणी दिव्याच्या स्वतःच्या स्विचने तो मालवला. हे बटणाला कुणी सांगितलं नसेल, तर ते चालूच दाखवत राहतं. पुढच्या वेळी दाबलं की ते ‘बंद’ असा निरोप पाठवतं, दिवा तर बंदच आहे, काहीच होत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की लागतो. ताईची पहिली तक्रार हीच होती : “एकदा दाबून लागत नाही, दोनदा दाबावं लागतं, म्हणजे माझंच काहीतरी चुकतं.” तिचं काही चुकत नव्हतं. भाच्याने नातं एका बाजूनेच जोडलं होतं. बटण दिव्याला हुकूम देत होतं, पण दिव्याच्या स्विचने बटणाला खबर द्यायची राहून गेली होती. उलट नातंही जोडलं, आणि दोनदा दाबणं त्याच दिवशी थांबलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्याच बोटावरचा विश्वास गमवायला लावणारी ही चूक दहा मिनिटांत दुरुस्त होते, आणि तरी महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

सीनला डोकं नसतं. आता रात्र आहे का, घरात कुणी आहे का, हे तो पाहत नाही. ते पाहायचं तर ‘प्रोग्रॅम’ हवा, आणि प्रोग्रॅम ठेवायला एक पेटी हवी. भाच्याकडची पेटी जाडजूड पुस्तकाएवढी होती. प्रोग्रॅमची भाषा कुणालाही वाचता येईल अशी असते : ‘जर’ अमुक झालं, ‘तर’ तमुक कर, ‘नाहीतर’ हे कर. सूर्यास्त कधी तेही ती पेटी घराच्या अक्षांश-रेखांशावरून रोज काढते. मुंबईत सूर्यास्त वर्षभरात सव्वा-दीड तासाने मागेपुढे होतो, म्हणून आपलं काम घड्याळाच्या टायमरने भागतं. न्यू जर्सीत जूनमध्ये साडेआठला सूर्य मावळतो आणि डिसेंबरात साडेचारला. तिथे टायमर दर पंधरवड्याला फिरवत बसावा लागेल.

भाषा सोपी असली तरी तिच्यात मराठी माणसाला सहज समजेल असा एक फरक आहे. ‘दार उघडलं’ आणि ‘दार उघडं आहे’ ही दोन निराळी वाक्यं आहेत. पहिलं घटना सांगतं, दुसरं स्थिती. प्रोग्रॅम लिहिणारा बहुतेक वेळा इथेच घसरतो. ‘स्वयंपाकघराचं बटण कुणी दाबलं तर बोळातला दिवा लाव’ असं म्हणायचं असतं, आणि लिहिलं जातं ‘स्वयंपाकघरातला दिवा चालू असेल तर’. मग तो दिवा सीनमुळे लागला काय किंवा आणखी कशाने, बोळ उजळतोच.

ताईसाठी भाच्याने खोलीबाहेर हालचाल टिपणारा सेन्सर लावला आणि प्रोग्रॅम लिहिला : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हालचाल झाली, तर बोळातला आणि बाथरूमचा दिवा लाव, पाच मिनिटं थांब, मग बंद कर. वाचायला निर्दोष. पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एका पहाटे ताई उठली, दिवे लागले, आणि ती पाच मिनिटं चालू असतानाच सूर्योदय झाला. ‘जर’मधली अट बदलल्याबरोबर पेटीने ती पुन्हा तपासली, अट खोटी ठरली, आणि ‘थांब’वर उभा असलेला प्रोग्रॅम तिथेच सोडून दिला. ‘बंद कर’ ही ओळ आलीच नाही. दिवे संध्याकाळपर्यंत जळत होते. हा पेटीचा दोष नव्हे, तिची रीतच तशी आहे. उपाय असा, की एका प्रोग्रॅमने फक्त अट पाहायची आणि काम दुसऱ्याला सांगायचं. दुसऱ्याचा ‘जर’ रिकामा ठेवायचा, म्हणजे मधेच त्याचा हात धरणारं कुणी उरत नाही.

दुसरी गोष्ट दिवे जळत राहण्याइतकी साधी नव्हती. सेन्सर बोळात होता. ताई बाथरूममध्ये बसलेली, बोळात हालचाल नाही, पाच मिनिटं झाली, दिवा गेला. अनोळखी घर, ओली फरशी, मिट्ट अंधार. तिने हाक मारली तेव्हा आम्ही दोघं धावलो. ती पडली नाही, पण त्या रात्री भाचा झोपला नाही. सकाळी त्याने प्रोग्रॅम नव्याने लिहिला. थांबायची वेळ वीस मिनिटं केली, आणि मुख्य म्हणजे ‘बंद कर’ ही ओळ खोडून ‘पंधरा टक्क्यांवर आण’ असं लिहिलं. पूर्ण बंद फक्त सूर्योदयाला. शिवाय, कुणी हाताने बटण दाबलं तर त्या रात्रीपुरता प्रोग्रॅमने गप्प बसायचं. माणसाचं बोट वरचढ, हे मी त्याला एकदाच म्हटलं. पुढचं त्याचं त्याने केलं.

तेव्हापासून मला कुणी विचारलं तर मी सांगतो : बटण दाबल्याबरोबर जे व्हायला हवं ते सीनमध्ये ठेवा. वेळ, अट, विचार जिथे लागतो तेवढंच प्रोग्रॅमला द्या. हौशी मंडळी उलट करतात, सगळंच प्रोग्रॅमने लिहितात. मग बटण दाबल्यावर दिवे लाह्या फुटाव्यात तसे एकामागून एक लागतात, आणि पेटी बिघडली तर भिंतीवरची बटणं नुसती शोभेची उरतात.

यापुढची पायरी म्हणजे स्मरण घराबाहेर, दूर कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवणं. तिथे काय होतं ते एप्रिल २०२२ मध्ये दिसलं. इन्स्टिऑनची मूळ कंपनी आर्थिक अडचणीत येऊन तिचे सर्व्हर अचानक बंद पडले. कुठलीही पूर्वसूचना नव्हती. ज्यांची घरं मोबाइलवरून आणि त्या सर्व्हरच्या भरवशावर चालत होती त्यांची वेळापत्रकं थांबली, फोनला उत्तर मिळेना. पण भिंतीतल्या स्विचना यातलं काहीच कळलं नाही. त्यांची एकमेकांशी जोडलेली नाती त्यांच्याजवळच होती, बटण दाबलं की सीन लागत होता. घरातली स्वतःची पेटी असणाऱ्यांचे प्रोग्रॅमही चालू राहिले. जूनमध्ये त्या यंत्रणेच्या काही जुन्या वापरकर्त्यांनीच मिळून कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केले.

ती साधनं अमेरिकेच्या १२० व्होल्टची, आपल्या २३० व्होल्टला चालत नाहीत. आपल्याकडे वेगळ्या कंपन्यांची, बहुधा वाय-फायवर चालणारी साधनं स्विचबोर्डाच्या मागे बसवतात. बसवणाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : इंटरनेट गेलं तर बटण चालेल का? आणि रात्री दोन वाजता गेलेली वीज परत आली, तर दिवे कुठल्या स्थितीत येतील? दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व भारनियमन सोसलेल्या घराला वेगळं सांगायला नको.

मी निघायच्या आधी आम्ही की-पॅडवर देवनागरी पट्ट्या चिकटवल्या. आठ बटणांपैकी चारच ठेवली, बाकीची काहीही न करणारी. ‘दिवेलागण’, ‘जेवण’, ‘निजानीज’ आणि ‘रात्र’. नावं ताईने सांगितली. ‘दिवेलागण’साठी भाच्याने प्रोग्रॅमही लिहिला होता, सूर्यास्ताला सगळं आपोआप लागेल असा. दोन दिवस तो चालला. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, “ते आपोआपचं काढ रे. मी देवापुढे निरांजन लावते, मग येऊन हे दाबीन.” भाच्याने तो पुसला नाही, पेटीत बंद करून ठेवला. अजून तसाच आहे.