जुन्या जीपला ब्रेक बूस्टर बसवला की नेमकं काय बदलतं?

नागोठण्याहून रोह्याला जायला दोन वाटा आहेत. एक भिसे खिंडीतून, दुसरी महामार्गाने सुकेळी खिंड ओलांडून कोलाडवरून. पेणहून नव्या गाडीत बसून निघालेल्याला यातली कुठलीच खिंड फारशी जाणवत नाही. पण महिंद्राची चाळीस वर्षं जुनी जीप, मागे चार माणसं, भाताची दोन पोती आणि वरून जुलैचा पाऊस असेल, तर उतार संपेपर्यंत चालवणाऱ्याची उजवी मांडी भरून येते. या जीपमध्ये ब्रेक दाबावा लागत नाही, त्यावर जवळजवळ उभंच राहावं लागतं.

त्यामुळे जुनी जीप डागडुजीला काढली की मालकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: बोलेरोसारख्या गाडीचा बूस्टर हिला बसेल का? बसतो. पण त्यासोबत आणखी बरंच काही बदलावं लागतं, आणि ते न बदलता नुसता बूस्टर लावला तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होऊ शकते.

जीपला बूस्टर मुळात का नव्हता?

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली १९४७ साली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल कित्येक वर्षं आपल्याकडे बनत राहिलं. गंमत म्हणजे बूस्टरची कल्पना जीपपेक्षा जुनी आहे. बेल्जियन अभियंते अल्बर्ट देवांद्र यांनी १९२७ मध्येच ती मांडली होती. पण जीप होती सुमारे एक टनाची, वेग बेताचा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रममध्ये फिरतं चाकच ब्रेकशूला आपल्यासोबत ओढतं आणि पकड वाढवतं. त्यामुळे पायाची ताकद पुरेल असं गृहीत धरलं गेलं. तेव्हाच्या रस्त्यांवर आणि तेव्हाच्या वेगाला ती पुरतही होती.

बूस्टर करतो काय?

बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. आत रबरी पडदा असतो आणि तो डब्याचे दोन भाग करतो. ब्रेकवर पाय नसताना दोन्ही भागांतली हवा इंजिन खेचून घेतं. पाय पडला की एक झडप उघडते आणि पडद्याच्या मागच्या भागात बाहेरची हवा शिरते. पुढे निर्वात, मागे वातावरणाचा दाब, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि त्याच्यासोबत मास्टर सिलिंडरचा दांडाही.

हा जोर किती, याचं गणित सोपं आहे. आठ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३२० चौरस सेंटिमीटर भरतं. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. बूस्टरमधला निर्वात काही पूर्ण नसतो, म्हणून त्यातला दोन तृतीयांश हिशेबात धरू. तरी २०० किलोंच्या आसपास जोर मिळतो. तुलनेसाठी, बूस्टर नसलेल्या गाडीत पॅडलची तरफ पायाचा जोर साधारण सहापट करते. म्हणजे ३० किलोंनी दाबलं तर मास्टर सिलिंडरवर १८० किलो. बूस्टर त्याच्याहून जास्त भर घालू शकतो, तेही फुकट मिळणाऱ्या हवेच्या जोरावर.

डिझेल जीपची अडचण

बहुतेकांचं काम अडतं ते इथे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेत थ्रॉटलची झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटते आणि मॅनिफोल्डमध्ये आपोआप निर्वात तयार होतो. जीपच्या मूळ हरिकेन पेट्रोल इंजिनावर तिथून एक नळी काढली की भागतं. जुन्या डिझेल इंजिनात मात्र ही झडपच नसते, हवा सरळ आत जाते. मॅनिफोल्डला नळी जोडून काहीच हाती लागत नाही.

आपल्याकडच्या जुन्या जीपपैकी कितीतरी एकतर डिझेलवरच निघाल्या किंवा नंतर डिझेलवर आल्या. एमएम ५४० मध्येही प्यूजो बनावटीचं डिझेल इंजिन होतं. अशा गाडीला वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. भारतीय डिझेल गाड्यांमध्ये तो बहुधा अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो आणि इंजिन ऑइलवर चालतो. म्हणजे बूस्टर बसवायचा तर अल्टरनेटर बदला, पंपाला ऑइलची एक नळी द्या, तेल परत इंजिनात जायला दुसरी काढा. पट्टा सैल असला तर बॅटरी चार्ज होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे त्याच पट्ट्यावर ब्रेकचाही भार येतो.

जागेचा प्रश्न

जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर बोनेटखाली नसतो, ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसिसला बसवलेला असतो. बूस्टर तिथेच लावायचा तर मजबूत ब्रॅकेट करावा लागतो, आणि मग तो डबा कायम चिखल-पाण्यात. बूस्टर बाहेरची हवा आत घेतो, म्हणून ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. दुसरा मार्ग म्हणजे नंतरच्या गाड्यांसारखं वरून लटकणारं पॅडल बसवून बूस्टर इंजिनाच्या बाजूला आणणं. काम जास्त, पण कोकणातल्या पावसाला हेच बरं. मात्र मागचा पत्रा आतून भक्कम करावा लागतो. पत्रा गंजलेला असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर तो वाकतो आणि पायाची अर्धी मेहनत तिथेच जिरते.

एक बारीक गोष्ट गॅरेजमध्ये घाईत राहून जाते. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या दांड्याला किंचित मोकळीक लागते. दांडा लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटतच नाहीत. पाच-दहा किलोमीटरमध्ये ड्रम तापतात आणि चाकं जखडायला लागतात. पॅडलची तरफही बदलावी लागते, कारण बूस्टरच्या गाडीत ती साधारण चारपट ठेवतात. जुनी सहापट तशीच ठेवली तर पाय नुसता टेकवला तरी गाडी नाक घासते.

गाडी लवकर थांबते का?

हमखास नाही. गाडी शेवटी थांबवतो टायर. बूस्टर फक्त पायाचे कष्ट वाचवतो. चाकं लॉक होण्याइतका ब्रेक आधीच लागत असेल, तर अंतरात फरक पडत नाही. सीजे-३बीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अवघं ८० इंच आहे. ब्रेक जोरात लागला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी लॉक होतात. ओल्या रस्त्यावर अशी आखूड गाडी गर्रकन फिरते. बूस्टरमुळे हा क्षण अलीकडे येतो.

पाण्यात भिजलेले ड्रम, गळका व्हील सिलिंडर, झिजलेले लायनर यांवरही बूस्टर हा उपाय नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्यासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. जुन्या जीपला सगळ्या चाकांसाठी ब्रेकची एकच लाइन असते. कुठेही एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. म्हणून पैसे मोजकेच असतील तर दोन वेगळ्या लाइन देणारा टँडम मास्टर सिलिंडर आधी, बूस्टर नंतर.

आणि एक सवय मोडावी लागेल. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे अजूनही दिसतात. इंजिन बंद झालं की पंप थांबतो. डब्यात उरलेला निर्वात एक-दोन वेळा ब्रेक दाबायला पुरतो, मग पॅडल दगडासारखं होतं. तरफ कमी केलेली असल्यामुळे ते मूळ जीपपेक्षाही कडक लागतं.

आरटीओ काय म्हणेल?

पेण-रोह्याच्या गाड्या एमएच ०६ च्या, आणि ते कार्यालय पेणमध्येच आहे. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते, तेव्हा ब्रेकही तपासले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कडक भूमिका घेतली. नोंदणी पुस्तकात बूस्टरचा रकाना नसतो, पण त्याचा अर्थ मोकळीक असा कुणी घेऊ नये. काम काढण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

५० वर्षांवरच्या जीपसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. लटकत्या पॅडलसाठी पत्रा कापलेली जीप तिथे अडू शकते. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे रोह्याच्या बाजारात भाजी आणणाऱ्या जीपला ही नोंदणी तशीही उपयोगाची नाही.

काम झाल्यावर बूस्टर चालतोय का, हे घरच्या अंगणात कळतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पॅडल कडक झालं की तसंच दाबून धरायचं आणि इंजिन सुरू करायचं. पायाखाली पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर नळी, एकमार्गी झडप किंवा पंप यांत कुठेतरी खोट आहे, आणि ती सापडेपर्यंत गाडी खिंडीकडे न्यायची नाही.