पैसे कुठं कटले?

सकाळी ९.१५. पांढुर्णा बसस्टँडजवळच्या बँक कियोस्कचं शटर वर जातं. आत लॅपटॉप, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र. भाडं दोन हजार, नेटचे पाचशे. पैसे काढले-भरले तरच कमिशन.

९.४०. संत्रा तोडणारा मजूर येतो. पाचशे काढायचे आहेत. अंगठा उमटत नाही, कातडी घासलेली. ओल्या रुमालानं पुसून मधलं बोट ठेवतो. उमटलं.

१०.३०. एक मावशी पासबुक पुढं करते. दिवाळीच्या आधीपासून छापलं नव्हतं.

"भाऊ, माहे वीस रुपये कोनं खाल्ले?"

"विमा आहे मावशी. अपघाताचा, दोन लाखाचा. दरसाल कटते."

"म्या कवा काढला?"

"खातं उघडताना अंगठा देला असन."

मागच्या पानांवर बारा-बाराच्या नोंदी आहेत. २०२२ च्या जूनपासून बाराचे वीस झाले. वारस म्हणून मालकाचं नाव. मालक वारले. कियोस्कवाला नाव बदलायचा अर्ज भरून देतो. शाखेत मावशीलाच जावं लागेल.

१२.५०. सौंसरचा संत्रा व्यापारी. मोबाईलवर क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, तीन रकमा अनोळखी. २,१४० ची तारीख जुळवली. त्या दिवशी कळमन्याला माल टाकून येताना डिझेल भरलं होतं. पंपाच्या पाटीवर एक नाव, मशीनवर मालकाच्या फर्मचं दुसरं. १९९ म्हणजे पोरानं पहिला महिना फुकट म्हणून घेतलेलं ॲप. ऑटोपे बंद. उरले ४,९९९. त्यांचा काही पत्ता लागत नाही.

१.२०. "ओटीपी कोणाला सांगितला?" "नाही." "मेसेज कवाचा?" "सोमवारचा." आज बुधवार. आधी कार्ड ब्लॉक. मग बँकेला फोन. नंबर कार्डाच्या मागचा, गुगलवर सापडलेला नाही. बराच वेळ फक्त संगीत. शेवटी तक्रार क्रमांक मिळतो, तो डायरीत लिहायचा. मग १९३०, सायबर हेल्पलाईन.

रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक कियोस्कवाल्याला पाठ आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर भुर्दंड ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

२.१०. तोवर तीन गिऱ्हाइकं परत गेली. व्यापारी पन्नासची नोट काढतो. कियोस्कवाला प्रिंटचे दहा घेतो, चाळीस परत देतो.

५.४५. रोकड जुळली. आजचं कमिशन दोनशेच्या आत. तक्रारीत गेलेल्या वेळाचं कमिशन नाही.

६.३०. शटर खाली. व्यापाऱ्यानं जाताना विचारलं होतं, बँकेनं ऐकलं नाही तर? महिनाभर वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. तिथं फी लागत नाही, पण तक्रार क्रमांक लागतो. तेव्हा पैसे कटल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी वाचा, आणि क्रमांक कागदावर लिहून ठेवा.