भोंगा वाजला, तर काय ओळखायचं?

आपल्या गावात भोंगा वाजतो तो लसीकरणासाठी, ग्रामसभेसाठी, नाहीतर लग्नात. पण लष्करही भोंगा वापरतं. ते कसं, हे आज आम्ही सांगणार आहोत, कारण हा विषय आपल्या जिल्ह्यापर्यंत आला आहे.

पहिलं काम, शत्रूला ऐकवायचं. दक्षिण कोरियानं सरहद्दीवर मोठे भोंगे लावून उत्तर कोरियाच्या सैनिकांना बातम्या आणि गाणी ऐकवली. २०१८ मध्ये ते बंद झाले, जून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. उत्तरेनं उलट भेसूर आवाज सोडले, आणि जवळच्या गंगह्वा बेटावरच्या गावकऱ्यांची झोप उडाली. जून २०२५ मध्ये दक्षिणेनं भोंगे थांबवले, मग तिकडचाही आवाज थांबला. भांडण सरकारांचं, जागरण गावाचं!

दुसरं काम, वैतागवून बाहेर काढायचं. डिसेंबर १९८९ मध्ये पनामा देशाचा हुकूमशहा नोरिएगा पोपच्या दूतावासात लपला. अमेरिकी सैनिकांनी बाहेर भोंगे लावून कर्कश गाणी वाजवली. पोपच्या माणसांनी तक्रार केल्यावर ती थांबली. ३ जानेवारी १९९० ला नोरिएगा शरण आला.

तिसरं काम आपल्या कामाचं: आपल्याच माणसांना सावध करायचं. ७ मे २०२५ रोजी केंद्र सरकारनं देशभर हवाई हल्ल्याचा सराव ठरवला. त्या यादीत मनमाड आणि आपलं भुसावळही होतं. भुसावळ मोठं रेल्वे जंक्शन, शेजारी वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना.

सायरन हा भोंग्याचाच भाऊबंद. वाऱ्यात शब्द फाटतात, पण सूर लांबवर ओळखू येतो. म्हणून दोन सूर लक्षात ठेवा. खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका: घरात या, दिवे बंद करा, खिडकीपासून लांब बसा. एकसारखा सरळ आवाज म्हणजे धोका टळला.

मोबाइलवर कुणी सायरनचा आवाज पाठवला, तर पुढे ढकलू नका. खरी सूचना तहसील कार्यालय, पोलीस आणि आकाशवाणी देतात.

पुढच्या बचतगटाच्या बैठकीत पाच मिनिटं काढा. गल्लीतल्या म्हाताऱ्या आजीला कोण आणणार, ऐकू न येणाऱ्या ताईला कोण सांगणार, बॅटरी कुणाकडे, हे नावानिशी वहीत लिहा. कर्जाच्या हप्त्यांइतकीच ही नोंदही जपून ठेवा.