फळमाशीला विचारायचं कसं?

मंडळी, एक प्रश्न आला आहे: "बागेत सापळे लावले, माश्या भरपूर अडकल्या, तरी हापूसमध्ये अळ्या निघाल्याच. असं का?" आज तिथूनच सुरुवात करू.

या सापळ्यांत बहुधा मिथाइल युजेनॉल असतं. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करत. डास पळवायला वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या धाव घेतात, हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवलं. १९१५ मध्ये मिथाइल युजेनॉलचा परिणामही दाखवला. पण गंमत अशी, की येतात ते फक्त नर. आणि फळात अंडी घालते मादी! शेजारच्या बागेतून मिलन झालेली एक मादी आली, तरी फळ गेलंच. तिला ओढायचं तर तिला हवा असलेला वास शोधायला हवा. म्हणजे पिकत्या फळाचा.

तो तपासायचा कसा? इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची नळी घ्यायची. एका फाट्यातून फळावरून आलेली हवा, दुसऱ्यातून नुसती स्वच्छ हवा. दोन्ही हवा आधी कोळशातून गाळलेल्या, वेग अगदी सारखा. खालच्या टोकाला एकच मादी सोडायची आणि ती कुठे वळते ते बघायचं.

सोपं वाटतं ना? फसायच्या जागा इथेच आहेत. फळ दिसलं, तर ती वासाला आली की रंगाला, कळणार कसं? म्हणून फळ आडोशाला. उजेड एका बाजूनं जास्त पडला, तर ती उजेडाकडे जाईल; म्हणून फाट्यांची अदलाबदल करत राहायचं. आधीच्या माशीचा वास राहू नये म्हणून नळी स्वच्छ. एक माशी एकदाच वापरायची. आणि जिनं काहीच निवडलं नाही, तिचीही नोंद ठेवायची. ती लपवायची नाही.

आता समजा, चाळीसपैकी चोवीस माद्या फळाकडे गेल्या. जिंकलो? नाही हो! नाणं चाळीस वेळा उडवलं, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक साधारण चारातून एकदा पडतोच. तीस विरुद्ध दहा आले, तर मात्र विश्वास ठेवा.

तोही अर्धाच. नळीत एकच फळ होतं. बागेत हजारो आंबे तोच वास सोडत असतात. सापळ्याला त्यांच्याशी स्पर्धा करायची आहे. म्हणून नळीतला निकाल हे उत्तर नव्हे. बागेत काय तपासायचं, ते त्यातून कळतं.