मदत देताना मान राखला जातो का?

प्रतिनिधी

आंधळगाव (जि. भंडारा) : कोशाच्या रेशमी वस्त्रांसाठी विदर्भात ओळखल्या जाणाऱ्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे नाव २००६ मध्ये वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. येथील पोलिस ठाण्याच्या हद्दीतील खैरलांजी गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे बचावले. या खटल्याची चर्चा बरीच झाली. मात्र, पीडिताला मदत करताना त्याची प्रतिष्ठा कशी जपावी, हा खैरलांजीने पुढे आणलेला प्रश्न त्या मानाने दुर्लक्षितच राहिला.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मदत घेणाऱ्या व्यक्तीला 'सेवार्थी' म्हणतात. सेवार्थी हा याचक नसून हक्क असलेला माणूस आहे, हे या व्यवसायाचे पहिले तत्त्व होय. अमेरिकी अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे मांडली. स्वीकार, दोषारोप न करणे, स्वनिर्णयाचा हक्क आणि गोपनीयता ही त्यातील प्रमुख. भारतात या शिक्षणाची सुरवात १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेतून झाली. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली. तेथील शिक्षकांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये भारतीय समाजकार्यकर्त्यांसाठी नीतिविषयक जाहीरनामाही तयार झाला. पुस्तकातील ही तत्त्वे गावपातळीवर कशी तपासायची, हे खैरलांजीच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

चारित्र्याची चौकशी कशासाठी?

हत्याकांडानंतर मारेकऱ्यांपेक्षा मृत आईच्या चारित्र्याचीच कुजबुज अधिक झाली. दोषारोप न करण्याचे तत्त्व येथे लागू होते. पीडित 'चांगला' आहे की नाही, यावर त्याचा मदतीचा हक्क अवलंबून नसतो. कार्यकर्त्याने वस्तुस्थिती नोंदवावी. गावातील अफवा अहवालात उतरवू नये.

छायाचित्रे कोणाच्या परवानगीने?

पुढील काही आठवड्यांत मृतदेहांची छायाचित्रे पत्रके, फलक आणि इंटरनेटवरून सर्वत्र पसरली. अन्यायाची तीव्रता लोकांसमोर यावी, हा त्यामागचा हेतू होता आणि त्यामुळे निषेधाला बळही मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु हेतू चांगला असला, तरी मृत व्यक्तीची संमती गृहीत धरता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने पूर्वीपासून मनाई आहे. मृत पीडितेलाही प्रतिष्ठा असते, ही भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही मनाई मृतांच्या बाबतीतही लागू असल्याचे स्पष्ट केले. खैरलांजी खटल्यात विनयभंगाचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. तरीही मायलेकींची नावे न देता त्यांच्यावरील अन्याय सांगता येतो.

माहिती हाही हक्कच

त्याच महिन्याच्या सुरवातीला झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात या मायलेकी साक्षीदार होत्या. त्यातील आरोपी २९ सप्टेंबरला जामिनावर सुटले आणि त्याच सायंकाळी कुटुंबावर हल्ला झाला. आपल्याविरुद्धचे आरोपी सुटत आहेत, हे वेळेवर कळणे साक्षीदाराच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकते. ॲट्रॉसिटी प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये झालेली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू असलेली दुरुस्ती म्हणूनच महत्त्वाची ठरते. नव्या कलम १५ अ नुसार पीडिताला न्याय्य, आदराची आणि प्रतिष्ठेची वागणूक मिळाली पाहिजे. जामिनासह न्यायालयीन कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचाही त्याला हक्क आहे. स्वयंसेवी संस्था, समाजकार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्कही याच कलमाने दिला आहे. म्हणजेच समाजकार्यकर्ता मदतीला येणे, हा आता कोणाच्या कृपेचा भाग राहिलेला नाही.

निर्णय कोणाचा?

भंडारा सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली. ॲट्रॉसिटी कायद्याखालील आरोप दोन्ही न्यायालयांत टिकला नाही. या काळात भैयालाल यांना मोर्चे, सभा आणि वार्ताहरांसमोर तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगावी लागली. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. पीडिताने आंदोलनाचा चेहरा व्हायचे की नाही, किती बोलायचे आणि कधी थांबायचे, हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते. त्याने नकार दिला, तरी मदत कमी होता कामा नये. स्वनिर्णयाच्या तत्त्वाची खरी कसोटी येथेच लागते.

राज्यघटनेच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडारा मतदारसंघातून लढविली होती. प्रतिष्ठेचे हे तत्त्व प्रत्यक्षात आणायचे, तर रोजच्या कामातील साध्या गोष्टींपासून सुरवात करावी लागेल. पीडिताला बसायला खुर्ची द्यावी, त्याचे म्हणणे एकांतात ऐकावे, कागदावर सही घेण्यापूर्वी तो कागद त्याला वाचून दाखवावा आणि मदतीचा धनादेश देताना छायाचित्र काढण्याचा आग्रह धरू नये. यांपैकी एकाही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही. शहरात राहून देणगी देणाऱ्यांनीही संस्थेकडे लाभार्थ्यांच्या छायाचित्रांऐवजी कामाचा हिशेब मागितला, तर गावातील कार्यकर्त्याला हे तत्त्व पाळणे अधिक सोपे जाईल.